वाचक विचारतात : ‘जर्मन’ म्हणजे कोणतं जर्मन?

प्रश्न : शेंदुरजना घाटाजवळ आमची संत्र्याची नर्सरी आहे. कलमाचे डोळे बांधायचा घडीचा चाकू मी घरीच तयार करतोय. पातं आणि स्प्रिंग जुन्या चाकूची आहे, आतल्या पट्ट्या साध्या लोखंडी, मूठ बाभळीची. मुठीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना धातूचे तुकडे, म्हणजे बोलस्टर, बसवायचे आहेत. पितळ लावू की स्टील? एकानं ‘जर्मन लाव, गंजत नाही’ असं सांगितलं म्हणून भंगारातून जर्मनचं पातेलं आणलं, पण ते फार मऊ वाटतं. आजीची काशाची वाटीही घरात आहे, तिचा काठ तडकला आहे. ती कापून वापरली तर चालेल का?
– एक वाचक, वरुड तालुका

उत्तर : भाऊ, आधी ते पातेलं बाजूला ठेवा. आपल्याकडे घरोघरी ‘जर्मनची भांडी’ म्हणतात ती अ‍ॅल्युमिनियमची. सांगणाऱ्याच्या मनात होतं जर्मन सिल्व्हर, आणि तो अगदी वेगळा धातू आहे. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी गुंजभरही नसते. साधारण ६० टक्के तांबं, बाकीचं निकेल आणि जस्त. चुंबक दोघांनाही धरत नाही, म्हणून चुंबकावर जाऊ नका. हातात तोलून बघा. एकाच मापाचे दोन तुकडे घेतले तर जर्मन सिल्व्हर अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट जड भरतं. कानस मारली की अ‍ॅल्युमिनियम तिच्या दातांत भरून बसतं, जर्मन सिल्व्हरचा कीस मोकळा पडतो.

अ‍ॅल्युमिनियम चाकूला नकोच. रिपीट, म्हणजे रिव्हेट, ठोकताना भोक पसरतं आणि वर्षभरात तुकडा हलायला लागतो. शिवाय लोखंडाला टेकून ओलीत राहिलं की त्याची पांढरी भुकटी होते.

पितळ वाईट नाही. कलमाच्या विकतच्या चांगल्या चाकूंतही आतल्या पट्ट्या पितळी असतात, साल उचलायची जीभही पितळी असते. कापायला सोपं, घासायला सोपं, तालुक्याच्या गावी सहज मिळतं. पण त्याला रोज पुसणारा हात लागतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसंच संत्र्याच्या आंबट रसानं पितळ हिरवं पडतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की पितळ आणि साधं लोखंड एकमेकांना टेकून अशा ओलीत राहिले तर आधी लोखंड जातं, आणि तेही तुकड्याच्या खालून, जिथं आपली नजर पोचत नाही.

हे मी माझ्या हातानं अनुभवलं आहे. वडिलांच्या भट्टीवर मी पहिला घडीचा चाकू केला तेव्हा पितळी तुकडे लोखंडी पट्टीला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवले. डागासाठी मिठाच्या तेजाबात जस्त विरवून केलेलं पाणी वापरलं होतं. काम झाल्यावर नुसत्या फडक्यानं पुसलं, धुतलं नाही. आषाढात पितळाच्या कडेनं तांबूस रेघ उमटली. तुकडा उखडून पाहिला तर पट्टीला खड्डे पडलेले. ते पाणी सुकल्यासारखं दिसतं, पण हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंड खात राहतं. तेव्हापासून डाग दिला की गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून ब्रशनं घासतो, आणि वस्तू लगेच उन्हात ठेवतो.

तुमच्या कामाला मी जर्मन सिल्व्हरच सांगेन, २ ते ३ मिलिमीटर जाडीचं. तेही थोडं काळवंडतं, पण रसाला पितळापेक्षा चांगलं टिकतं आणि कानशीला नरम आहे. निकेलनं बोटांना खाज येत असेल तर ३०४ नंबरचं स्टेनलेस घ्या. त्याला भोक पाडताना ड्रिल हळू चालवा, दाब सोडू नका, तेल देत राहा. बिट नुसतं घासत राहिलं तर तो भाग कडक होतो आणि मग भोक पुढे सरकत नाही. शक्य असेल तर आतल्या पट्ट्याही स्टेनलेसच्याच करा, म्हणजे गंजाचं मूळच राहत नाही.

आता बसवणं. डाग न देता रिपिटांनीच बसवा. रिपीट त्याच धातूच्या तारेची हवी. भोकाचं बाहेरचं तोंड थोडं फाकवा आणि तार दोन्हीकडे दीड मिलिमीटर बाहेर ठेवा. हातोडी हलकी घ्या, मधे एकच जोराचा घाव नको, कडेकडेनं टिचक्या मारत चला. तार फुगून ते फाकलेलं तोंड भरते. मग कानस आणि पॉलिश पेपर. धातू एकच असेल तर रिपीट कुठं होती ते तुम्हालाही सापडणार नाही. ठोकण्याआधी तुकडा पट्टीवर दाबून दिव्यासमोर धरा. फटीतून उजेडाची रेघ दिसली तर ठोकू नका, पुन्हा घासा. त्याच रेघेतून रस आत जातो.

बाभळीचं लाकूड पुरतं वाळलेलं घ्या. मे महिन्यात लाकूड आणि धातू एका पातळीत घासले तर पोळ्यापर्यंत लाकूड फुगून बोटाला लागतं. म्हणून शेवटची घासणी पाऊस संपल्यावर करा, डोळे बांधायचा हंगाम त्यानंतरच येतो.

काशाची वाटी मात्र कापू नका. काशात कथील २० टक्क्यांच्या वर असतं, त्यामुळे ते कडक आणि ठिसूळ. थंड ठोकलं की तडकतं, आणि रिपीट तर थंडच ठोकायची आहे. तडकलेला काठ बारीक कानशीनं गोल करा, म्हणजे हाताला लागणार नाही. तळ शाबूत असेल तर उन्हाळ्यात तूप लावून आजीचे तळपाय घासायला ती वाटी अजून कामाची आहे.