“केस ठोकायची आहे, मॅडम”

मिरजेत कर्करुग्णांच्या घरच्यांशी बोलायचं काम मी बरीच वर्षं करते. “आजार उशिरा कळला, डॉक्टरांवर केस करता येईल का?” हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारा बहुधा रुग्ण नसतो. मुलगी असते, जावई असतो. रुग्ण तेव्हा केमोच्या सलाइनचे थेंब मोजत पडलेला असतो.

ही मुलगी पुण्याहून आली होती. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात सगळे कागद कोंबलेले. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) बसायच्या आधीच म्हणाली, “केस ठोकायची आहे, मॅडम. चांगला वकील सांगा.”

तिचे वडील, अण्णा, तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय ५७. ऑगस्टमध्ये शौचावाटे रक्त पडू लागलं. गावाजवळच्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम आणि गोळ्या दिल्या, तिखट बंद करायला सांगितलं. नोव्हेंबरात हिमोग्लोबिन ८.२ आलं, तर लोहाची इंजेक्शनं दिली. पुढच्या जूनमध्ये चक्कर येऊन पडले, तेव्हा मिरजेला आणलं. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशननंतर कळलं की जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत आजार पोचलाय, म्हणजे तिसरा टप्पा.

तिचा राग पोकळ नव्हता. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचं रक्त एवढं उतरलं, तर नुसतं लोह भरून भागत नाही. रक्त जातंय कुठून ते शोधावं लागतं. बाईमाणसाचं दुखणं पाळीवर ढकलून मोकळं होता येतं, पुरुषाच्या बाबतीत तर तेवढंही निमित्त नसतं.

मी तिला विचारलं, “तुला नेमकं काय मिळायला हवं?”

“त्यांचं लायसन्स जायला पाहिजे.” पाच मिनिटांनी म्हणाली, “निदान खर्च तरी निघावा.” आणि पाणी पिऊन झाल्यावर, हळू आवाजात: “एकदा त्यांनी तोंडाने कबूल करावं.”

या तीन मागण्यांचे तीन वेगळे दरवाजे आहेत, आणि लोक नेमके इथेच अडकतात. नोंदणीवर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करायची, पण तिथे भरपाई मिळत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय. (सरसकट सगळ्यांवर मोफत उपचार करणाऱ्या सरकारी दवाखान्याला मात्र हा कायदा लागू होत नाही.) २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि डॉक्टरांना दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर आयोगाची फीही नाही. पोलिसांत जायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात पहिला येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरांवर फौजदारी गुन्हा टिकवायला हलगर्जीपणा फार ढळढळीत असावा लागतो. मी त्या वाटेला सहसा कुणाला लावत नाही.

तोंडाने कबूल करण्याचा दरवाजा मात्र कुठल्याच कायद्यात नाही.

मी म्हटलं, वकील पुढच्या आठवड्यात. आधी कागद. रुग्णाने लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. अर्जावर सही अण्णांची घ्यायची आणि पोच घेतल्याशिवाय निघायचं नाही. गाठीच्या तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ठोकळे मिरजेत जपून ठेवले आहेत का, तेही विचारायचं. दुसरं म्हणजे मुदत. ग्राहक आयोगात दोन वर्षं असतात. ती कुठल्या दिवसापासून मोजायची यावर वकील वाद घालतील, आपण लवकरातली लवकर तारीख धरून चालावं.

ती थांबली, मग खरी भीती बोलली. “आत्ताच्या डॉक्टरांना कळलं तर अण्णांकडे दुर्लक्ष करतील?” हे जवळजवळ सगळेच विचारतात. मी सांगते, त्यांच्याकडून फक्त उपचारांचा सारांश मागा. आधीच्या डॉक्टरांविरुद्ध त्यांनी लिहून द्यावं असा हट्ट धरू नका. ते मत त्रयस्थ तज्ज्ञाकडून घ्यायचं असतं.

मग आम्ही एका पाठकोऱ्या कागदावर तारखा उतरवायला बसलो. मला वाटतं, निम्मं समुपदेशन या कागदावरच होतं. फेब्रुवारीच्या एका केसपेपरवर खाली कोपऱ्यात खरडलं होतं: ‘ॲड. कोलोनो., सर्जन.’

दुर्बिणीची तपासणी आणि सर्जनचा सल्ला. चार महिने आधी लिहिलेला.

मुलीने तो कागद दोनदा उजेडाकडे धरला आणि उठून वॉर्डात गेली. मीही मागोमाग गेले. अण्णा पलंगावर उठून बसले.

“ते म्हणाले होते,” अण्णा म्हणाले. “एकदा दुर्बीण करून घ्या, सवडीने. माल उतरायला लागला होता, बाई. व्यापारी दारात, मजूर मिळेनात. उरलेला माल बेदाण्याला घालायचा होता. म्हटलं, पाडव्यानंतर बघू.”

“आम्हाला का नाही सांगितलं?”

“तू म्हणशील, आत्ताच्या आत्ता पुण्याला या.”

ती रडली, पण वडिलांवर चिडून नव्हे. दिवाळीत अण्णा पांढरेफटक दिसत होते आणि आपण फोनवर इसबगोल घ्या म्हणून मोकळे झालो, हे तिने मला नंतर सांगितलं. डॉक्टरांवरच्या रागात हाही वाटा होता. तो तिचा तिला दिसला, म्हणून डॉक्टरांची चूक नाहीशी झाली असं मी म्हणणार नाही. ‘सवडीने’ हा शब्द केसपेपरवर नाही. कर्करोग असू शकतो, असं अण्णांना कुणी सांगितलं नाही. फेब्रुवारीनंतर ते दोनदा त्याच दवाखान्यात गेले, तेव्हा तपासणी केली का, असंही कुणी विचारलं नाही.

वकिलांनी कागद एका सर्जनना दाखवले. मत तिला आवडलं नाही, मला प्रामाणिक वाटलं: फेब्रुवारीपर्यंतचा उशीर गंभीर, पुढच्या उशिराची जबाबदारी डॉक्टर आणि रुग्ण दोघांत वाटली जाईल. वकील पुढे म्हणाले की चूक झाली हे दाखवणं एक, आणि त्या चुकीमुळेच टप्पा वाढला हे दाखवणं दुसरं. ही गाठ वर्षानुवर्षं वाढत आलेली असते; ऑगस्टमध्ये ती कुठे होती, हे छातीठोक कोण सांगणार? खर्चाची अडचण असती तर मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण होतं, १५१०० वर फोन लागतो. यांना गरज पडली नाही.

नोटीस गेली आहे. डॉक्टरांच्या वकिलाचं उत्तर आलं, त्यात फेब्रुवारीचा केसपेपर ठळक केलेला. आयोगात जायचं की नाही, यावर घरात दोन पक्ष आहेत. अण्णा म्हणतात, “छाटणी होऊ दे.” मुलीने मुदतीची तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.

काकूंच्या, म्हणजे मुलीच्या आईच्या, बीपीच्या गोळ्या अजून त्याच डॉक्टरांकडून येतात. रात्री-अपरात्री जवळ दुसरं कोण आहे, असं त्या मलाच विचारतात.