वाचकांचे प्रश्न: इंग्रजीतील ‘हिमसेल्फ’ आणि मराठीतील ‘आपण’

प्रश्न: मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतून पाचवीत आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘आपल्याला’, ‘आपल्याजवळ’ असे शब्द आले की मुले सर्रास ‘हिमसेल्फ’, ‘हरसेल्फ’ लिहितात. कधी ते बरोबर ठरते, कधी चुकते. हे त्यांना कसे समजावून सांगावे? (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर: मुलांची चूक निष्काळजीपणाची नाही, ती मराठी व्याकरणाशी प्रामाणिक राहून केलेली चूक आहे. मराठीतील आत्मवाचक ‘आपण’ दूरवर पाहू शकतो. ‘गुरुदास म्हणाला, की दत्ताने आपल्याला म्हापशाच्या बाजारात पाहिले’ या वाक्यात पाहणारा दत्ता असला, तरी ‘आपल्याला’ म्हणजे गुरुदासला, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. इंग्रजीतील ‘हिमसेल्फ’ला ही मुभा नाही. तो ज्या उपवाक्यात बसतो, त्याच उपवाक्यातील कर्त्याकडे बोट दाखवतो. म्हणून ‘गुरुदास सेड दॅट दत्ता हॅड सीन हिमसेल्फ’ असे लिहिले, तर दत्ताने स्वतःलाच पाहिले, बहुधा आरशात, असा अर्थ होतो. येथे ‘हिम’ हवे. या ‘हिम’मुळे तो गुरुदास की आणखी कोणी तिसरा, हा संशय उरतो खरा, आणि तो दूर करायला इंग्रजीला पुष्कळदा नावच पुन्हा घ्यावे लागते, या एका बाबतीत मराठी अधिक नेमकी आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

मुलांना एकच सवय लावावी: ‘सेल्फ’ लिहिण्यापूर्वी जवळच्या क्रियापदाचा कर्ता कोण, हे शोधायचे. जेथे कर्ता उघड दिसत नाही, तेथे ही सवय विशेष उपयोगी पडते. ‘गुरुदास आस्क्ड दत्ता टु हेल्प हिम’ म्हणजे गुरुदासने आपल्याला मदत करण्याची दत्ताला विनंती केली. मात्र ‘टु हेल्प हिमसेल्फ’ असे लिहिले, तर मदत करणारा दत्ता असल्यामुळे ‘हिमसेल्फ’ही दत्ताच होतो, आणि जेवणाच्या पंगतीत हे वाक्य ‘तुझे तू वाढून घे’ एवढाच अर्थ देते.

‘आपल्याजवळ’चे कोडे निराळे आहे. ‘तिने पिशवी आपल्याजवळ ठेवली’ याचे इंग्रजी ‘शी केप्ट द बॅग बिसाइड हर’ असे होते, कारण केवळ जागा दाखवणाऱ्या अव्ययापुढे इंग्रजी सहसा साधे सर्वनाम वापरते. ‘ही हॅड नो मनी ऑन हिम’ हेही तसेच. अव्यय क्रियापदाच्या अर्थाशीच बांधलेले असेल, तर मात्र ‘सेल्फ’ येतो: ‘शी लुक्ड ॲट हरसेल्फ’, ‘ही टॉक्स टु हिमसेल्फ’. ‘आपले पुस्तक’, ‘आपली छत्री’ यांसाठी इंग्रजीत स्वतंत्र आत्मवाचक रूपच नाही. ‘हिज’, ‘हर’ किंवा जोर द्यायचा असल्यास ‘हिज ओन’ एवढ्यावर भागवावे लागते. आणखी एक, ‘तो आपणहून आला’ याचे भाषांतर मुले ‘ही केम बाय हिमसेल्फ’ असे करतात. त्याचा अर्थ ‘तो एकटा आला’ असा होतो; ‘आपणहून’साठी ‘ऑफ हिज ओन अकॉर्ड’ असे म्हणावे.

प्रश्न: आमच्या देवस्थान समितीच्या इंग्रजी पत्रांत ‘प्लीज कॉन्टॅक्ट द प्रेसिडेंट ऑर मायसेल्फ’ असे लिहिण्याची जुनी पद्धत आहे. नवे सदस्य तिला हरकत घेतात. नुसते इंग्रजी ‘मी’ (me) लिहिणे उद्धट वाटत नाही का? (समितीचे चिटणीस, फोंडा)

उत्तर: हरकत योग्य आहे. अध्यक्षांचा उल्लेख क्षणभर गाळून वाक्य वाचावे: ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ आपणही लिहिणार नाही. संपर्क करणारा पत्र वाचणारा आहे, आपण नाही. म्हणून ‘मी’ हे कर्मरूपच हवे. ‘द प्रेसिडेंट अँड मायसेल्फ विल अटेंड’ याऐवजी ‘द प्रेसिडेंट अँड आय’ लिहावे. जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारात नामाच्या जोडीला ‘मायसेल्फ’ लिहिलेले आढळते, आणि ‘पीपल लाइक मायसेल्फ’ हा प्रयोग आजही रूढ आहे. तरीही कार्यालयीन पत्रात साधे सर्वनाम निर्धोक. नम्रता ‘काइंडली’ने दाखवता येते, सर्वनामाने नव्हे.

सभेत ओळख करून देताना ऐकू येणारे ‘मायसेल्फ अमुक’ हेही याच संकोचातून येत असावे, असे मला वाटते. गंमत अशी, की मराठीत आपण ‘मी स्वतः अमुक’ असे कधीच म्हणत नाही. ‘आय ॲम’ पुरेसे आहे.

‘मायसेल्फ’ जोर देण्यासाठी मात्र जरूर वापरावा. ‘आय चेक्ड द अकाउंट्स मायसेल्फ’ यातून तो शब्द काढला, तरी वाक्य उभे राहते आणि फक्त जोर जातो. ‘आय ब्लेम मायसेल्फ’ यातून काढला, तर दोष कोणाचा हेच कळत नाही. पहिला प्रयोग जोराचा, दुसरा आत्मवाचक.

प्रश्न: माझे प्राथमिक शिक्षण 1961 पूर्वी पोर्तुगीजमध्ये झाले. तेथे उठणे, बसणे, धुणे यांसाठी ‘लेव्हांतार-से’, ‘सेंतार-से’, ‘लाव्हार-से’ अशी आत्मवाचक क्रियापदे होती. इंग्रजीत त्यांचे काय होते? (एक ज्येष्ठ वाचक, मडगाव)

उत्तर: बहुतेक ठिकाणी ते ‘से’ इंग्रजीत गळून पडते. ‘आय गेट अप’, ‘आय सिट डाउन’, ‘आय वॉश’, ‘आय शेव्ह’ यांत ‘मायसेल्फ’ नको. ‘आय फील मायसेल्फ टायर्ड’ तर चूकच. मात्र ती कृती स्वतःला करता येणे हीच सांगण्याजोगी गोष्ट असेल, तर शब्द परत येतो: ‘द चाइल्ड कॅन नाउ ड्रेस हिमसेल्फ’. याउलट काही इंग्रजी क्रियापदे ‘सेल्फ’वाचून अडतात. ‘ही प्राइड्स हिमसेल्फ ऑन हिज गार्डन’ आणि रजेच्या अर्जातले ‘आय ॲबसेंटेड मायसेल्फ’ ही त्यांपैकीच. आपल्याकडे ‘अव्हेल द लीव्ह’ सर्रास लिहितात. प्रमाण इंग्रजीत ते ‘अव्हेल वनसेल्फ ऑफ’ असे आहे.

प्रश्न: ‘युअरसेल्फ’ आणि ‘युअरसेल्व्ह्ज’ यांत आदरार्थी कोणते? (एक विद्यार्थिनी, काणकोण)

उत्तर: कोणतेच नाही. मराठीत एकाच सरांना आपण ‘तुम्ही स्वतः’ असे अनेकवचन लावतो. इंग्रजी फक्त माणसे मोजते. एका सरांना ‘युअरसेल्फ’, दोघांना ‘युअरसेल्व्ह्ज’. याच ओघात आणखी एक फरक ध्यानात घ्यावा: ‘दे लुक्ड ॲट देमसेल्व्ह्ज’ म्हणजे प्रत्येकाने स्वतःकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले असेल, तर ‘ईच अदर’. ‘हिसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ह्ज’ ही रूपे बोलीत ऐकू आली, तरी परीक्षेत लिहू नयेत.