हंगेरीत वाइन आणि साहित्य एकाच संध्याकाळी जमवायचं तर कुठल्या गावी जावं?

तुमचा प्रश्न असा: सहा-सात जणांचा वाचनकट्टा ऑक्टोबरमध्ये बुडापेस्टला येतोय, एक दिवस हाताशी आहे, त्यात वाइनचं एखादं गाव बघायचं आणि तिथेच संध्याकाळी थोडं वाचनही करायचं. एगेर बरं की तोकाय?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको, बालातोनफ्युरेदला जा. मी पाच वर्षं बुडापेस्टात नोकरीला आहे आणि हा उद्योग दोनदा करून पाहिलाय. एकदा फसला, एकदा जमला.

फसला तो आधी सांगतो, कारण तुम्हीही बहुतेक तेच करायला निघाला आहात. आमच्या डोक्यात चित्र होतं: जुनं दगडी तळघर, मेणबत्त्या, पिंपांच्या मधोमध बसून कविता. गाव कुठलं ते सोडा. तळघर मिळालं, मेणबत्त्याही मिळाल्या. पण अशा तळघरात बारा महिने दहा-बारा अंश तापमान असतं. ती जागा पिंपांच्या सोयीसाठी खणलेली, माणसांच्या नव्हे. वाचणाऱ्याचे हात गारठले, कागदावरचं दिसेना म्हणून मोबाइलचे दिवे लावले, आणि शेजारच्या टेबलावर कुणाच्यातरी लग्नाआधीच्या पार्टीत अकॉर्डियन सुरू झालं. तिसऱ्या ग्लासानंतर आमच्या एका मित्राने एकच परिच्छेद दोनदा वाचला. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

एगेर आणि तोकायला मी नावं ठेवत नाही. एगेरचा किल्ला बघण्यासारखाच आहे. 1552 साली दोबो इश्तवानने मूठभर लोकांनिशी तो तुर्कांविरुद्ध लढवला. त्या लढाईवर कादंबरी लिहिणारा गार्दोनी गेझा किल्ल्यातच पुरला आहे आणि त्याच्या थडग्यावर एवढंच लिहिलंय: ‘फक्त देह’. (हंगेरीत आडनाव आधी येतं. मीही तसंच लिहितोय.) पण तिथली वाइन प्यायला सगळे गावाबाहेरच्या एका दरीत जातात. ओळीने तळघरं, बाहेर बाकडी, मजा येते, वाचन मात्र होत नाही. तोकायचा मान तर एवढा की हंगेरीच्या राष्ट्रगीतात तिथल्या वेलींचा उल्लेख आहे. देवाने तोकायच्या वेलींवर अमृत ठिबकवलं, असं त्यात म्हटलंय. 1972 पासून तिथे लेखकांचं उन्हाळी शिबिरही भरतं. पण गाव लांब आहे आणि तिथली ‘असू’ नावाची गोड वाइन एका दिवसात उरकण्याची गोष्ट नाही. तिथे मुक्काम करा, नाहीतर जाऊच नका.

आता फ्युरेद. बुडापेस्टहून रेल्वेने साधारण दोन तास, बालातोन सरोवराच्या उत्तर काठावर. इथे साहित्य आणि वाइन शोधायला दोन दिशांना पळावं लागत नाही. स्टेशनवरून उतारावर चालत सरोवराकडे निघालात की वाटेत योकाई मोरचा बंगला लागतो. एकोणिसाव्या शतकातला हा हंगेरीचा सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार. त्याने 1870 मध्ये हा बंगला बांधला, आणि दोन वर्षांनी आलेली त्याची एक गाजलेली कादंबरी इथेच लिहिली. आता तिथे संग्रहालय आहे. सोमवारी जाऊ नका, या देशात सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात.

खाली काठावर झाडांच्या सावलीतला लांबलचक रस्ता आहे. त्याचं नाव ‘टागोर शेतान्य’, म्हणजे टागोर मार्ग. 1926 च्या शरदात रवींद्रनाथ युरोपच्या दौऱ्यावर असताना बुडापेस्टात आजारी पडले. डॉक्टरांनी त्यांना फ्युरेदच्या हृदयरोगाच्या रुग्णालयात पाठवलं. इथल्या खनिज पाण्याने बरं वाटल्यावर 8 नोव्हेंबर 1926 ला त्यांनी सरोवराकाठी लिंडनचं एक रोप लावलं. पुढे तशी प्रथाच पडली. नोबेल मिळालेला इटालियन कवी क्वासिमोदो 1961 मध्ये आला, त्यानेही झाड लावलं. लिंडनचं पान हातात घेऊन बघा: आपल्या पिंपळासारखंच हृदयाच्या आकाराचं, फक्त लहान आणि शेपटी नसलेलं. हंगेरीत ‘हार्शलेवेल्यू’ नावाची द्राक्षाची एक जात आहे, तिचा अर्थच ‘लिंडनच्या पानाची’. संध्याकाळी कुठे त्याची वाइन दिसली तर एक ग्लास मागवाच.

आम्ही वाचन केलं ते त्या झाडापासून जवळच्या बाकांवर, दुपारी चार वाजता, प्यायच्या आधी. हा क्रम आमच्या हुशारीने ठरला नाही, भांडणातून ठरला. एका मैत्रिणीला एक अभंग म्हणायचा होता आणि दारूच्या टेबलावर तो म्हणायला ती काही केल्या तयार नव्हती. मग अभंग काठावर, वाइन टेकडीवर, अशी तोड निघाली. तीच योग्य होती हे नंतर कळलं. शुद्धीत ऐकलेलं वाइनबरोबर पुन्हा निघतं. टेकडीवरच्या गप्पा मग आपोआप त्याच वाचनाच्या झाल्या. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा चार ही वेळ बरोबर. स्वेटर मात्र न्या.

तिथून वर गावात गेलं की घरगुती वायनऱ्या आहेत. नाशिककडची मोठी कमान, तिकीटखिडकी आणि टेस्टिंग रूम डोळ्यांपुढे आणू नका. इथे बऱ्याचदा कुणाचंतरी अंगण असतं, मागे द्राक्षमळा, आणि बाटली उघडतो तो त्याच मळ्याचा मालक. आधी फोन किंवा ईमेल करून वेळ ठरवावी लागते, अचानक सात जण गेलात तर दार उघडेलच असं नाही. इथलं मुख्य द्राक्ष ओलासरिझलिंग. नावात ‘इटालियन’ आणि ‘रिझलिंग’ दोन्ही आहे, पण जर्मन रिझलिंगशी त्याचं नातं नाही. वाइन पांढरी, कोरडी, आणि घोट गिळल्यावर मागे कडू बदामाची चव राहते. पहिल्या घोटाला आमच्यातले दोघे म्हणाले, बिघडलीय. ती तशीच असते. ग्लास अर्धा होईपर्यंत तोच कडवटपणा हवासा वाटायला लागतो.

आमच्या यजमानाला कळलं की आम्ही खाली काहीतरी म्हणून आलो आहोत, तर त्याला ते ऐकायचं होतं. मैत्रिणीने मान हलवून नकार दिला. त्याने आग्रह केला नाही. उलट स्वतःच उभा राहून व्होरोशमार्ती या एकोणिसाव्या शतकातल्या हंगेरियन कवीच्या काही ओळी म्हटल्या. इथल्या शाळांत कविता पाठ करायला लावतात, बऱ्याच जणांना त्या साठीतही येतात. हा व्होरोशमार्ती 1842 च्या द्राक्षतोडणीला बुडापेस्टजवळच्या फोत गावी एका लेखकमित्राच्या मळ्यात होता आणि तिथे त्याने वाइन पिताना म्हणायचं एक लांब गाणं लिहिलं. वाइनमध्ये सोडा घालतात त्याला इथे ‘फ्रोच’ म्हणतात. तो शब्दही त्यानेच त्या मळ्यात जर्मन ‘श्प्रित्सर’च्या जागी रूढ केला, असं सांगतात. म्हणजे तुमच्या मनातली कल्पना इथे नवी नाही. तोडणी, लेखकांची पंगत, कविता आणि ग्लास हे सगळं हंगेरीत आधीपासून एकत्रच आहे.

तेव्हा आम्ही उरलेली संध्याकाळ फ्रोचवर काढली आणि तुम्हालाही तेच सुचवतो. एक डेसी (म्हणजे शंभर मिली) वाइन आणि एक डेसी सोडा म्हणजे छोटा फ्रोच. एक वाइनला दोन सोडा म्हणजे ‘लांब पाऊल’, गप्पा लांबवायला हाच उत्तम. दोन वाइनला एक सोडा म्हणजे मोठा. क्रूदी ज्युला या लेखकाच्या नावाचाही एक आहे: नऊ डेसी वाइन, एक डेसी सोडा. लेखकाला असा मान दुसरीकडे कुठे मिळाल्याचं मला माहीत नाही.

खाण्याचं आत्ताच सांगून ठेवतो, तुमच्यात शाकाहारी असतीलच. वाइनबरोबर पोगाचा येतात, छोटे खारे बनसारखे. दिसायला निरुपद्रवी, पण ‘तेपेर्त्योश’ म्हणाले तर त्यात डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे असतात. ‘शायतोश’ म्हणजे चीजचे, ते मागा, आणि चरबी नाही ना हेही विचारा. पाव आणि वर कांदा असं काही आलं तर पावाला लावलेलं पांढरं लोणी नसतं, तीही चरबीच. आमच्यातल्या एकीने अर्धा तुकडा खाल्ल्यावर विचारलं. जे पीत नाहीत त्यांनी ‘स्योल्योले’ मागावा, द्राक्षाचा रस. तोंडात फिरवून थुंकलं तरी कुणाला राग येत नाही, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं.

दोन दिवस काढता आले तर त्याच रेल्वेने पुढे साधारण तासाभरावरच्या बादाचोन्यला जा. तिथे कवी किशफालुदी शान्दोर आणि त्याची बायको सेगेदी रोझा यांचं घर आहे, साहित्य आणि वाइन दोन्हींचं मिळून संग्रहालय. दोघांची ओळख तोडणीच्या दिवसांतच झाली. रोझाची स्वतःची वाइन त्या काळी नावाजलेली होती. तिथलं केकन्येल्यू, म्हणजे ‘निळ्या देठाचं’ द्राक्ष, नुसत्या मादीफुलांचं आहे. शेजारी दुसऱ्या जातीचे वेल लावले नाहीत तर फळ धरत नाही. त्यामुळे वाइन थोडी, भाव जास्त.

गाडी भाड्याने घेऊ नका. हंगेरीत चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल शून्य लागतं, एक घोटही चालत नाही. रेल्वेनेच या, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ वर टेकडीवर जाण्याआधी लिहून घ्या. आमच्या मंडळींनी साडेसातला तो क्रूदीचा फ्रोच मागवला, तोही दोन, आणि आम्ही रात्र फ्युरेदच्या एका लॉजवर सात जणांत दोन खोल्या घेऊन काढली.