होल्डवरच्या चौदा रेकॉर्ड्स आत्ताच मागवा, पण एका खोक्यात नको

तुमची पोस्ट वाचली आणि मला २०१९चा मे महिना आठवला. तुमच्या बर्लिनहून मागवलेल्या अकरा नव्या ग्रामोफोन रेकॉर्ड्स एकोणीस दिवस कस्टम्समध्ये पडून, ट्रॅकिंगवर फक्त ‘मालाचे स्वरूप स्पष्ट करावे’ एवढी ओळ, आणि त्याच दुकानात आणखी चौदा ‘होल्ड’वर, म्हणजे दुकानाकडेच ठेवून घेतलेल्या. तुम्ही विचारताय की अजून पाच-सहा जमू द्याव्यात का, म्हणजे पाठवणावळ विभागली जाईल. माझं उत्तर: नका जमू देऊ. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी एक स्पष्ट करतो. मी कस्टम्स एजंट नाही, कायद्याचा जाणकारही नाही. ड्युटीचे दर बदलत राहतात, त्यामुळे टक्केवारी माझ्याकडून घेऊ नका, त्या दिवशीची चौकशी करून घ्या. पुण्यात बसून बरीच वर्षं हाउस आणि टेक्नो या क्लबातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बारा इंची रेकॉर्ड्स मागवतोय, तेवढ्या अनुभवावर लिहितोय. सुई, टोनआर्मचं (सुईच्या दांड्याचं) वजन, प्रीअँप हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

मी २०१४ ते २०१६ नोकरीसाठी बर्लिनमध्ये होतो. शनिवारी दुपारी पाउल-लिंके-उफरवरच्या मागच्या अंगणातून जिने चढून हार्ड वॅक्समध्ये जायचं, हा दोन वर्षांचा नेम. मार्क अर्नेस्टसनी १९८९ साली सुरू केलेलं रेकॉर्डचं दुकान. तिथे प्रत्येक नव्या रेकॉर्डवर एका ओळीचं वर्णन असतं, फारच आवडली असेल तर शेवटी ‘टिप’ हा शब्द. त्या एकेका ओळीने माझा कान तयार झाला. परत आल्यावर सवय सुटेना, म्हणून पुण्याहून ऑनलाइन मागवायला लागलो. आपल्याकडे चोर बाजारात रफी-आशा मिळतील, टेक्नोचं माहेरघर असलेल्या डेट्रॉइटच्या बारा इंची कुठून मिळणार?

आणि मग तेच गणित, जे तुम्ही आज करताय. एक बारा इंची स्लीव्हसकट (पुठ्ठ्याच्या पाकिटासकट) दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम भरते. दोन मागवा किंवा दहा, पाठवणावळीत फरक त्या मानाने थोडा पडतो. म्हणून दुकानाला सांगायचं, ठेवून द्या, जमल्या की पाठवा. मी नोव्हेंबर २०१८ पासून जमवत होतो. फेब्रुवारीत वीस झाल्या होत्या, थंडी होती, तेव्हाच खोकं निघायला हवं होतं. पण एका प्रीऑर्डरची, म्हणजे निघण्याआधीच नोंदवलेल्या रेकॉर्डची, तारीख पुढे ढकलली गेली. म्हटलं, ती येऊ दे, एकत्रच मागवू. ती आली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर सत्तावीस झाल्या होत्या. एका उशिरा येणाऱ्या रेकॉर्डसाठी वीस रेकॉर्ड्स थांबवून ठेवल्या, ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक.

प्रीऑर्डरच्या तारखांवर विसंबू नका असं मी सगळ्यांना सांगतो. लॅकर (जिच्यावर मूळ खोबणी कोरतात ती तबकडी) कापणं, त्यावरून धातूचे स्टँपर म्हणजे साचे बनवणं, टेस्ट प्रेसिंग म्हणजे चाचणीच्या प्रती, हा खर्च शंभर प्रती काढा किंवा हजार, तेवढाच येतो. छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, तीनशे प्रतींवर कसंबसं खर्च भागवतं, पाचशे काढल्या तर उरलेल्या दोनशे पलंगाखाली पडून राहतात. म्हणून अंडरग्राउंड लेबलांचा आकडा बहुतेक वेळा तीनशेच्या आसपास फिरतो. अशा लेबलाला प्रेसिंग प्लांटच्या (रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याच्या) रांगेत पुढचा नंबर कोण देणार? मोठ्या कंपनीची मोठी ऑर्डर आली की हे मागे. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. कोऱ्या लॅकर तबकड्या बनवणारे जगात तेव्हा मुख्य दोनच होते, दुसरा जपानचा एमडीसी. तेव्हापासून तारखा आणखी डळमळीत झाल्या. सारांश, तारीख हा अंदाज असतो, आणि अंदाजासाठी खोकं अडवू नये.

आता माझं खोकं जिथे अडकलं त्या कस्टम्स कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. दुकानाने घोषणापत्रावर लिहिलं होतं, ‘२७ नग, विनाइल, १२ इंच’. बर्लिनमध्ये याचा एकच अर्थ, रेकॉर्ड. आपल्याकडे विनाइल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते जमिनीवर अंथरायचं शीट किंवा दुकानाच्या पाटीचं स्टिकर. पहिलं पत्र आलं: हे प्लास्टिकचं फ्लोअरिंग आहे का, असेल तर मटेरियलचा कागद द्या. कस्टम्सच्या वर्गवारीत प्लास्टिकच्या फ्लोअरिंगचा शीर्षक क्रमांक ३९१८, ध्वनिमुद्रित रेकॉर्ड्सचा ८५२३. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी उत्तरादाखल लांबलचक मेल लिहिली, संगीत काय, डीजे काय, लेबल काय. आठ दिवसांनी उत्तर आलं की स्पष्टीकरण अपुरं आहे. पुन्हा मेल केली, प्रत्येक वेळी नवी. नंतर कळलं की नवी मेल म्हणजे नवा अर्ज, तो ढिगाच्या तळाशी जातो. फोन केला की उत्तर मिळायचं, ‘साहेब, विनाइल म्हणजे प्लास्टिकच ना?’ तीनदा लेखी सांगितलं की ग्रामोफोनची रेकॉर्ड आहे. कुणी वाचलं नाही.

अडतिसाव्या दिवशी रजा टाकून मुंबईला गेलो. पिशवीत वडिलांची भीमसेन जोशींची एलपी घेतली होती. खिडकीवर ती बाहेर काढली, स्लीव्हमधून अर्धी सरकवून दाखवली आणि म्हटलं, खोक्यात हेच आहे. आतल्या गृहस्थांनी ती हातात घेतली, कडेने धरली, अगदी नीट, म्हणजे त्यांच्या घरीही असणार. म्हणाले, ‘अहो, रेकॉर्ड आहे असं सांगायचं ना.’ दुसऱ्या दिवशी दुपारी खोकं सुटलं. अडतीस दिवस! त्या माणसाचा दोष नाही. तो पहिल्या दिवशी भेटला असता तर काम पहिल्या दिवशी झालं असतं. माझा राग आहे तो अशा पद्धतीवर, जिथे कागद वाचणारा आणि निर्णय घेणारा यांची गाठच पडत नाही, आणि दरम्यान माल कुठे, कसा ठेवलाय याची जबाबदारी कुणाचीच नसते.

तर तो माल मे महिनाभर पत्र्याच्या गोदामात होता. रेकॉर्ड साठेक अंशांपासून मऊ पडू लागते असं म्हणतात, पण वर वजन असेल किंवा खोकं तिरकं टेकलेलं असेल तर त्याहून कमी उष्णतेतही महिनाभरात बाक येतो. सत्तावीसपैकी नऊ वाकल्या. त्यातली एक व्हाइट लेबल, म्हणजे मधलं लेबल कोरं पांढरं, हाताने शिक्का मारलेली, जांभळी शाई कडेला थोडी फाकलेली, तीनशे प्रतींपैकी एक. जिच्यासाठी खोकं थांबवलं होतं ती हीच. टर्नटेबलवर ठेवली. कडेला एका जागी डोंगर झालेला, टोनआर्म प्रत्येक फेरीला वर चढायचा आणि खाली आपटायचा, मिनिटाला तेहतीस वेळा. पहिली दीड मिनिटं सुई टिकतच नव्हती. आत मधल्या कागदी लेबलकडे आली की ठीक. पण क्लबसाठी केलेल्या रेकॉर्डमध्ये पहिलं दीड मिनिट म्हणजे नुसते ठोके, डीजेला आधीच्या गाण्यात मिसळण्यासाठी मुद्दाम ठेवलेले. कडच गेली तर घरी ऐकण्यापुरतं थोडं उरतं, मिक्स करायला काहीच नाही. काचेच्या दोन तावदानांमध्ये दाबून ओव्हनमध्ये ठेवायचे उपाय नेटवर सापडतील. मी एका कमी मोलाच्या रेकॉर्डवर करून पाहिला, बाक कमी झाला पण खोबणी बिघडून सरसर असा आवाज वाढला. माझ्या मते करू नये.

दुकानाने भलेपणाने निम्मे पैसे परत दिले. पण प्रत कुठून देणार? त्यांच्याकडे पाच आल्या होत्या, त्या गेल्या. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर ती पाचपट किमतीला होती, न वाजवलेली. प्रकाशनाच्या दिवशी दोन घ्यायच्या आणि एक त्याच संध्याकाळी विकायला लावायची, हा प्रकार मला मनापासून नावडतो. त्यातला एक पैसा संगीत करणाऱ्याला जात नाही. मी घेतली नाही. रिप्रेसची, म्हणजे ती पुन्हा छापली जाण्याची, वाट बघतोय, अजून निघालेला नाही. नव्या रेकॉर्डचं हेच आहे, पैसे परत मिळाले तरी नुकसान भरत नाही.

उन्हाचं हे दुखणं आपल्याकडे जुनं आहे. गोव्यात अंजुण्याच्या किनाऱ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकांत डीजे विनाइलऐवजी कॅसेटवरून आणि नंतर डॅट या डिजिटल टेपवरून वाजवायचे, त्याचं एक मोठं कारण ऊन आणि धूळ हेच होतं. जे त्यांना कळलं होतं ते मी विसरलो.

आता तुमचं. अडकलेल्या खोक्यासाठी एकच पान करा. त्यावर ‘वैयक्तिक वापरासाठी ध्वनिमुद्रित ग्रामोफोन रेकॉर्ड्स’, शीर्षक ८५२३, नग अकरा, एकूण किंमत. मागे दुकानाचं बिल, कार्ड किंवा बँकेची नोंद, केवायसी, आणि तुमच्याकडच्या कुठल्याही रेकॉर्डचा स्लीव्हसकट फोटो. सगळं एका पीडीएफमध्ये, आणि त्यांच्या मूळ मेललाच उत्तर म्हणून पाठवा, नवी मेल नको. चार-पाच दिवसांत हालचाल झाली नाही तर तुम्ही नाशिकहून स्वतः त्या कार्यालयात जाऊन या. बरोबर एक रेकॉर्ड न्या. खरंच न्या.

चौदांचं म्हणाल तर दोन खोकी करा, सात-सातची, आणि दोन वेगळ्या दिवशी निघू द्या. पाठवणावळ जास्त पडेल, पडू दे. दुकानाला लेखी कळवा की घोषणापत्रावर नुसतं ‘विनाइल’ लिहू नका, ‘ग्रामोफोन रेकॉर्ड्स’ लिहा आणि ८५२३ हा आकडा टाका. किंमत खरी लिहायला सांगा. ‘गिफ्ट’ लिहून घेण्याचा सल्ला तुम्हाला खालच्या प्रतिसादांत मिळालाच आहे. मी त्याच्या पूर्ण विरुद्ध आहे. ते खोटं आहे हे एक, आणि नुकसान झालं तर भरपाई कागदावर लिहिलेल्या किमतीवरच मिळते. रेकॉर्ड्स स्लीव्हच्या बाहेर काढून, आतल्या कागदासकट स्लीव्हच्या मागे ठेवायला सांगा, नाहीतर प्रवासात त्या आतून कडा फाडतात. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा. आणि बिल तपासा: जर्मनीत १९ टक्के व्हॅट आहे, तो युरोपीय संघाबाहेरच्या ग्राहकाला लागत नाही. चांगली दुकानं आपोआप वजा करतात, डिस्कॉग्जवरचे छोटे विक्रेते पुष्कळदा करत नाहीत, विचारावं लागतं. एवढ्यात एका खोक्याच्या जादा पाठवणावळीचा बराचसा भाग निघतो.

मार्च ते जून मी काहीही मागवत नाही. दरम्यान जे आवडतं ते शक्य तिथे बँडकँप या वेबसाइटवर थेट लेबलाकडून घेतो, कारण रेकॉर्ड घेतली की बहुतेक वेळा डिजिटल प्रत लगेच मिळते. गाणं हाताशी येतं, तबकडी नोव्हेंबरात आली तरी चालते, लेबलाला सांगितलं तर बरीच जण ठेवतात. पावसाळ्यात मागवायचंच असेल तर कागदी आतली पाकिटं लगेच बदला, बुरशी तिथूनच सुरू होते.

तुम्ही शेवटी लिहिलंय की आधीच्या ऑर्डरमधली एक जुनी डेट्रॉइटची रेकॉर्ड ‘अडकते’, एकाच जागी फिरत राहते, म्हणून ती परत करायची आहे. थांबा. शेवटच्या कोऱ्या पट्ट्यात ‘एनएससी’ असं कोरलेलं आहे का बघा. ती डेट्रॉइटच्या रॉन मर्फींच्या कटिंगची, म्हणजे त्यांनी लॅकर कापल्याची, खूण. त्यांनी टेक्नो संगीतकार जेफ मिल्सच्या ॲक्सिस लेबलसाठी बंद खोबण्या कापल्या होत्या, एक फेरी पूर्ण झाली की सुई पुन्हा त्याच फेरीत, तो तुकडा हवा तेवढा वेळ फिरत राहतो. तसं असेल तर सुई हाताने उचलून पुढे ठेवायची असते. अंडरग्राउंड रेझिस्टन्स या डेट्रॉइटच्याच लेबलच्या रेकॉर्ड्सवरही त्या पट्ट्यात संदेश कोरलेले सापडतील, विजेरी तिरकी धरून वाचा.

आज फेब्रुवारीची बावीस तारीख. दुकानाला मेल आज रात्रीच टाका, म्हणजे पहिलं खोकं या आठवड्यात निघेल. अडकलेलं हातात आलं की रात्रभर घरात उभं ठेवा, दुसऱ्या दिवशी अकराही रेकॉर्ड्सची पहिली दोन मिनिटं दोन्ही बाजूंनी वाजवा, आणि बाक दिसला तर टर्नटेबल फिरत असताना बाजूने व्हिडिओ काढून त्याच दिवशी दुकानाला पाठवा. तक्रारीची मुदत बऱ्याच ठिकाणी थोडक्या दिवसांचीच असते.