२० लिटर ३०% आम्लाचं ५०% करायला शुद्ध आम्ल किती घालावं?

टक्क्यांकडे बघत बसू नका, आधी द्रावणात नुसतं आम्ल किती लिटर आहे ते काढा. २० चे ३०% म्हणजे ६. आता क्ष लिटर शुद्ध आम्ल ओतलं, की आम्ल झालं ६ + क्ष. पण एकूण द्रावणही २० + क्ष झालं! गाडी अडते ती इथेच. उजवीकडे नुसते २० चे ५०% धरले की ४ असं चुकीचं उत्तर येतं. खरं समीकरण असं:

६ + क्ष = ०.५ (२० + क्ष), म्हणून क्ष = ८ लिटर.

ताळा: २८ पैकी १४, बरोबर निम्मं.

पाणी घालायचं असेल तर आणखी सोपं, कारण आम्ल तेवढंच राहतं. याच २८ लिटरचं ४०% करायचंय? १४ = ०.४ (२८ + क्ष), पाणी ७ लिटर. (हे कागदावर. प्रयोगशाळेत आम्ल पाण्यात ओततात, पाणी आम्लात नाही.)