चुकीचा युक्तिवाद ओळखावा कसा, आणि त्याला उत्तर काय द्यावं?

मीटिंगमध्ये कोणीतरी ठासून बोलतं, ते पटत नाही, पण नेमकी चूक त्या क्षणी सुचत नाही. अशा वेळी काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी देवगड तालुक्यात आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी बघते. हंगामात बागायतदार, मालक, कामगार सगळ्यांशी रोज वाद होतात, त्यावरून सांगते.

तर्कदोषांची नावं पाठ करून फार उपयोग होत नाही. 'हा अमुक दोष झाला' म्हटलं की समोरचा मुद्दा सोडून अब्रू सांभाळायला लागतो. त्यापेक्षा मनात एक प्रश्न धरा: यांचं म्हणणं खरं नसतं, तर आपल्याला काही वेगळं दिसलं असतं का?

एखादे बागायतदार काका सांगतात, 'गेल्या साली झाडं रिकामी होती, ही पावडर घातली, यंदा बघा कशी लगडलीत.' ऐकायला बिनतोड वाटतं. पण हापूस मुळातच एक वर्ष भरपूर आणि पुढच्या वर्षी कमी धरतो. आणि पावडर आणायची बुद्धी कधी होते? झाडं रिकामी गेल्यावर. म्हणजे पुढच्या साली आंबा वाढायची शक्यता पावडरीविनाही होतीच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. मी 'काका, हे खोटं आहे' म्हणत नाही. विचारते, 'काका, काही झाडं पावडरीशिवाय ठेवली होतीत का? त्यांना यंदा किती लागला?' बहुतेक वेळा माणूस स्वतःच विचारात पडतो.

पण पुढचं जास्त महत्त्वाचं. बागायतदार ज्याला कल्टार म्हणतात त्या पॅक्लोब्यूट्राझोलने, म्हणजे झाडाची वाढ आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाने, हापूस दरवर्षी धरायला खरोखरच मदत होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची तशी शिफारसही आहे. तेव्हा एखाद्याने 'घातलं आणि आंबा आला' एवढंच कारण दिलं, तर कारण लंगडं असलं तरी निष्कर्ष बरोबर असू शकतो. कारण पाडलं म्हणजे म्हणणंच पडलं, हा समज शिकलेल्या माणसांत फार दिसतो, आणि मला तो सगळ्यात घातक वाटतो.

ऑफिसातही तोच प्रकार. 'नवा सुपरवायझर आला आणि तक्रारी कमी झाल्या.' कधी आला? जूनमध्ये. तेव्हा ताजा मालच संपलेला असतो, तक्रारी येणार कुठून?

दुसरा नेहमीचा वार माणसावर होतो. 'बाय, तू घाटावरची, तुका हापूस काय कळतलो?' इथे आपल्या गावाची बाजू मांडत बसू नका. 'खरंय अण्णा, मी साताऱ्याची. पण हे तुमच्या क्रेटमधले आंबे इथेच कापलेत, साका बघा.' साका म्हणजे आतला गर खराब होणं, ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कापलेल्या फळापुढे माझं गाव कुठलं याला अर्थ उरत नाही. मात्र अनुभवाचा दाखला प्रत्येक वेळी दोष नसतो. आंबा चौदा आणे तयार, म्हणजे झाडावरून काढण्याइतका पक्व, झाला की नाही हे नुसतं बघून सांगणाऱ्या माणसाचा शब्द माझ्यासाठी पुरावा आहे. तोच माणूस लेबलावरच्या नियमांबद्दल तितक्याच ठामपणे बोलला, तर नाही.

'ही एक बॅच थांबवूया' म्हटल्यावर 'म्हणजे कारखाना बंद करायचा?' असं आलं, तर चिडायचं नाही. आपलं मूळ वाक्य त्याच शब्दांत, सावकाश पुन्हा म्हणायचं.

राहिला प्रश्न कुणाशी किती बोलायचं याचा. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: खरं काय ते शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडत राहायचं ती वितंडा. हे तीन ओळखता आले की तुमचं अर्धं काम झालं. वाद असेल तर मी वाटेल तितका वेळ देते. जल्प असेल तर लोकांसमोर थांबते आणि नंतर चहाच्या वेळी एकटं गाठून बोलते. चारचौघांत माघार घेणं माणसाला जड जातं, घरी सासऱ्यांशी बोलतानाही मी हेच पाळते. वितंडा असेल तर एवढंच विचारते, 'ठीक आहे, माझं चुकलं असं धरू. मग या बॅचचं काय करायचं, तुम्ही सांगा.' उत्तर आलं तर चर्चा पुढे जाते. नाही आलं, तर माझी सूचना तारखेसह नोंदवहीत लिहिते, मालकांची सही घेते आणि पुढच्या क्रेटकडे वळते.