'इसे' विमानवाहू नव्हे: 'वाहणे' या क्रियापदाविषयी

प्रश्न असा आला आहे: दुसऱ्या महायुद्धात जपानने 'इसे' आणि 'ह्यूगा' या दोन बॅटलशिपांवर विमाने ठेवायची सोय केली होती. मराठीत त्यांना 'विमानवाहू युद्धनौका' म्हणावे का? आणि 'युद्धनौका' म्हणजे फक्त बॅटलशिप, की कुठलेही लढाऊ जहाज?

दुसरा भाग आधी संपवतो. युद्धनौका म्हणजे कुठलेही लढाऊ जहाज. विनाशिका ही युद्धनौका, फ्रिगेट ही युद्धनौका. जाड चिलखताच्या आणि अवजड तोफांच्या त्या विशिष्ट जातीला बॅटलशिपच म्हणा. जपानीत 'गुन्कान' म्हणजे लढाऊ जहाज आणि 'सेन्कान' म्हणजे बॅटलशिप असे दोन वेगळे शब्द आहेत. आपण दोन्हींना युद्धनौका म्हणतो आणि मग लेखात कोण कुणावर तोफा डागतो तेच कळेनासे होते.

आता खरा मुद्दा, 'विमानवाहू'. इसेला विमानवाहू म्हणू नये. अलीकडे युद्धकथांच्या लेखांत हा शब्द तिला सर्रास चिकटवलेला दिसतो. लिहिणाऱ्यांनी त्यातल्या 'वाहू'कडे एकदा तरी पाहायला हवे.

माल, भार, बोलीतले ओझे या अर्थांचे वाहणे सर्वांना ठाऊक आहे, पाण्याचे वाहणेही. मला मोह आहे तो देवाला फूल वाहण्याचा. वाहिलेले फूल आपण परत घेत नाही. ते निर्माल्य होते. स्वतःला एखाद्या कामाला 'वाहून घेतले' म्हणजे परतीची वाट ठेवली नाही. हा अर्थ आला कुठून? तो पाण्याच्या वाहण्यातून आला, निर्माल्य नदीत सोडतात म्हणून, असे ठामपणे सांगणारे आहेत. मला ते साफ अमान्य आहे. निर्माल्य सोडणे ही पूजेनंतरची गोष्ट, आणि फूल वाहिले जाते ते मूर्तीच्या मस्तकावर. तिथे पाण्याचा संबंधच काय?

माझ्या मते हा अर्थ थेट अग्नीकडून आला. ऋग्वेदात अग्नीला 'हव्यवाह' म्हटले आहे, हवी देवांकडे पोचवणारा. धातू तोच, वह्. 'योगक्षेमं वहाम्यहम्' मधला, विवाहातला, प्रौढातला, आणि दूरच्या नात्याने लॅटिन 'वेहेरे'तलाही. पण ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'स देवाँ एह वक्षति' असेही आहे: तो देवांना इकडे घेऊन येवो. 'वक्षति' हे वह्चेच रूप! म्हणजे अग्नीचे वाहणे दुहेरी होते, हवी वर न्यायचा आणि देवांना खाली आणायचा. मराठी पूजेत त्यातली एकच दिशा उरली, देण्याची. फूल जाते, येत काही नाही. या एका क्रियापदात यज्ञ आणि पूजा दोन्ही सापडतात, याचा मला फार आनंद आहे.

आता जहाजाकडे. विमानवाहू नौकेचे वाहणे अग्नीसारखे दुहेरी असते. विक्रांतवरून विमान उडते आणि विक्रांतवरच उतरते. जपानी भाषेने हे नेमके पकडले आहे. विमानवाहू नौका म्हणजे 'कोकू बोकान', आणि त्यातला 'बो' म्हणजे आई. इसेला मात्र जपान्यांनी 'बो' दिला नाही, 'कोकू सेन्कान' म्हटले. कारण सरळ होते. जून 1942 मध्ये पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, तेव्हा घाईने 1943 मध्ये इसे आणि ह्यूगाचे मागचे दोन-दोन तोफबुरूज काढले आणि तिथे सुमारे 70 मीटरचा डेक बांधला. पुढे आठ 14 इंची तोफा आणि उंच मनोरा तसाच राहिला. एकेका जहाजावर 22 विमाने ठरली होती. ती कॅटापुल्टने, म्हणजे विमान झटक्याने उडवणाऱ्या यंत्राने, हवेत फेकायची, पण त्या डेकवर उतरणे अशक्य. 'सुइसेई' बॉम्बफेकी विमानाने दुसऱ्या विमानवाहू नौकेवर किंवा किनाऱ्यावरच्या धावपट्टीवर जायचे. 'झुइउन' हे पाण्यावर उतरणारे विमान क्रेनने वर घेता आले असते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याने डेक 'बो' होत नाही.

'कागा आणि शिनानो या जपानी विमानवाहू नौकांची सुरुवातही बॅटलशिप म्हणूनच झाली होती ना?' असे कोणी विचारेल. झाली होती. पण त्या सबंध बदलल्या, तोंडापासून शेपटापर्यंत डेक झाला, विमाने परत उतरू शकत. त्या विमानवाहू, यात वाद नाही.

इसे आणि ह्यूगाच्या वाट्याला तर ते एकेरी वाहणेही आले नाही. ऑक्टोबर 1944 मध्ये त्यांची विमाने फोर्मोसाच्या (आजच्या तैवानच्या) हवाई लढाईसाठी किनाऱ्यावरून वापरली गेली. 25 ऑक्टोबरला फिलिपिन्सजवळच्या केप एंगानोच्या लढाईत अ‍ॅडमिरल ओझावांच्या, शत्रूला भुलवून दूर नेणाऱ्या आमिषाच्या ताफ्यात या दोघी रिकाम्या डेकने उतरल्या. ताफ्यातल्या चारही विमानवाहू नौका बुडाल्या, या दोघी वाचल्या. पुढे कॅटापुल्टही काढून टाकले. फेब्रुवारी 1945 मध्ये सिंगापूरहून त्यांच्यावर इंधनाची पिंपे, रबर, कथील असा माल भरला, आणि वाटेत पाणबुड्या टपलेल्या असताना 20 फेब्रुवारीला त्या जपानमधल्या कुरे या नौदल तळाला सुखरूप पोचल्या. विमाने ठेवायला केलेल्या जहाजांनी शेवटी वाहिले ते हमालाचे ओझे. त्यानंतर इंधनाअभावी त्या कुरेजवळच पडून राहिल्या. 24 जुलैच्या अमेरिकी हवाई हल्ल्यात ह्यूगा आणि 28 जुलैच्या हल्ल्यात इसे उथळ पाण्यात तळाला टेकली. युद्धानंतर दोघी तिथेच मोडीत निघाल्या.

तेव्हा लिहिताना 'विमानसज्ज बॅटलशिप' लिहा. आणि त्याच नावांच्या आजच्या जपानी नौका, 2009 ची नवी ह्यूगा व 2011 ची नवी इसे, यांच्याबद्दल लिहायचे असेल, तर त्या हेलिकॉप्टरवाहू आहेत. तिथे 'वाहू' अगदी योग्य आहे, कारण त्यांची हेलिकॉप्टरे परत डेकवर उतरतात.